एक कोयता पाठवते आहे

साखर कारखान्याचा तळ, माजलगाव
२० नोव्हेंबर १९९१

आदरणीय लांजेकर बाईंना,
तुमची विद्यार्थिनी द्वारका सानप हिचा नमस्कार.

बाई, न सांगता वसतिगृहातून निघून आले, त्याबद्दल आधी रागवून घ्या आणि मग पुढचं वाचा. निरोप आला त्या दिवशी तुम्ही कोकणात माहेरी गेला होता. विभागातल्या दुसऱ्या कुणापुढे तोंड उघडायचा धीर मला झाला नाही.

सोबत अर्ज जोडला आहे. माझ्या लघुप्रबंधाची मुदत एकतीस जानेवारीला संपते. ती मार्चअखेरपर्यंत वाढवून मिळावी, एवढीच विनंती आहे. अर्जात रडगाणं गाऊ नये, कारण एकच द्यावं आणि ते एका वाक्यात बसावं, हे तुम्हीच वर्गात शिकवलंत. त्याप्रमाणे लिहिलं आहे : 'आमचा कोयता मोडल्यामुळे मला गळीत हंगाम संपेपर्यंत घरच्यांसोबत राहणे भाग आहे.' याहून जास्त लिहायला बसले असते तर रडगाणं झालंच असतं.

काम मी सोडलेलं नाही. आमच्या शिरूर भागातल्या पाणवठ्यांची नावं हा विषय तुम्ही मला दिलात, तेव्हा वर्गातली मुलं हसली होती, की तिकडे पाणीच नाही तर नावं कुठली. निम्मी नावं जमली आहेत. पण मुदत मिळाली नाही तर वर्ष गेलं. आणि आमच्या घरात मुलीचं एक वर्ष गेलं की मागोमाग लग्न येतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र सांगते. इथं उसाच्या फडाशेजारून पाटाची चारी जाते. दिवसा वाहते, रात्री वाहते, आणि तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. शिरूरला यंदा टँकर आला की म्हाताऱ्या माणसांच्यासुद्धा अंगात वारं शिरतं. मी पहिल्या दिवशी त्या चारीच्या काठावर इतका वेळ उभी राहिले, की मायनं शेवटी हात धरून ओढून नेलं. एवढं पाणी मालकाशिवाय वाहताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

उत्तर मुकादम उत्तरेश्वर यांच्या नावानं कारखान्यावर पाठवलंत तर मिळेल.

आपली आज्ञाधारक,
द्वारका

*

औरंगाबाद
२७ नोव्हेंबर १९९१

चि. द्वारका,

तुझं पत्र वाचून आधी रागावले, मग हसले, आणि आता तुझ्या सांगण्याप्रमाणे पुन्हा एकदा रागावून घेतलं आहे. नाचता येईना अंगण वाकडं हे लहानपणापासून ऐकत आले. लिहिता येईना कोयता मोडका, हे तुझ्याकडून नवीन शिकले.

अगं, कोयता मोडला म्हणून प्रबंध अडतो का? घरच्यांना हाताशी तू हवी आहेस हे समजते मी. दुष्काळाचं साल आहे, हातातोंडाची गाठ आहे. पण अडचण जर एका कोयत्याचीच असेल, तर ती सोडवणं माझ्या हातात आहे. विद्यापीठाचं मन वळवणं माझ्या हातात नाही. विभागप्रमुखांना तुझा अर्ज दाखवला. ते नियमाचे पक्के. त्यांच्याकडे सवलतीची कारणं तीनच : स्वतःचं आजारपण, घरातला मृत्यू, किंवा स्वतःचं लग्न. कोयता त्यात बसत नाही म्हणाले आणि अर्ज पेपरवेटखाली ठेवून दिला.

तेव्हा मी असं करते आहे. एक कोयता पाठवते आहे. आमच्या लांज्याचा आहे, जुना, पण कामाला वाघ. माझ्याकडे इथं नुसता बसून असतो. पुढच्या शनिवारी, सात तारखेला, सकाळच्या माजलगाव गाडीत घालून देते. कंडक्टरला सांगून ठेवेन, तुम्ही कुणीतरी स्टँडवर येऊन उतरवून घ्या. हंगामभर ठेवून घ्या, परत पाठवायची घाई नाही. मग तू इकडे ये आणि कामाला लाग. तुझ्या त्या वाळलेल्या विहिरींची मी वाट बघते आहे.

तुझी,
सरोजिनी लांजेकर

*

साखर कारखान्याचा तळ, माजलगाव
३ डिसेंबर १९९१

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मी तळावर सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचलं, आणि 'एक कोयता पाठवते आहे' या वाक्यापाशी मायनं मला थांबवलं. ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग मुकादमानं पत्र हातात घेतलं आणि वाचता येत नसतानाही उलटसुलट करून पाहिलं.

बाई, तुम्ही केवढ्या मोठ्या आहात. कुणाच्या अडचणीला कुणी भाकरी देतं, कुणी चार शब्द देतं. तुम्ही आख्खं जोडपं पाठवताय. नवरा-बायको दोघंही, तेही कोकणातून, स्वतःच्या घरचं काम सोडवून. मुकादम म्हणाला, "पंधरा वर्सं टोळी चालवतोय, पर इद्यापीठानं कोयता धाडलेला आजवर ऐकला न्हाई." काल दिवसभर फडात दुसरा विषय नव्हता. शेजारच्या टोळीतले लोक मला बघायला आले, मी काही केलेलं नसताना.

आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पाय फळीवरून घसरून मोडला, तेव्हाच आमचा कोयता मोडला. गाडी भरताना डोक्यावर मोळी होती, आणि फळी दवानं ओली झालेली. त्यांना शिरूरला आत्याकडे ठेवलं आहे, हाड जुळायला होळी येईल म्हणतात. तेव्हापासून माय आणि मी असा दोन बायकांचा कोयता चाललाय. मुकादम आम्हाला अर्धा कोयता म्हणतो. चांगला माणूस आहे, पण त्यालाही कारखान्याला उसाचा हिशेब द्यायचा असतो. अर्धा कोयता फार दिवस कुणी ठेवत नाही.

आता खरं सांगते, मी मायला आजवर पाहिलंच नव्हतं. दरवर्षी ती आप्पांच्या मागं मोळ्या बांधत जायची, त्यांच्या सावलीसारखी. आता ती पुढं झाली आहे आणि ऊस तोडते आहे. एक घाव बुडख्याला, उसाला एक गिरकी, एक घाव शेंड्याला, आणि ऊस माझ्या पायाशी. तिच्या मागून मोळ्या बांधताना मला कितीदा तरी हात थांबवून बघत राहावंसं वाटतं. तिला विचारलं, तू हे कधी शिकलीस. म्हणाली, "इतकी वर्सं मागून बघतच हुते की."

शनिवारी आम्ही सगळे स्टँडवर येतो. आमच्या झोपडीशेजारी उसाच्या पाचटाची नवी कोपी घातली आहे, तिला दार पण केलंय. माय विचारते की तुमच्याकडची माणसं भाकरी खातात की भातच लागतो. आणि त्यांना लेकरं आहेत का, असतील तर ती कुणाकडे ठेवून येणार? त्यांची नावं कळवली असती तर बरं झालं असतं. पण आता उत्तर यायला वेळ नाही, स्टँडवरच विचारून घेऊ.

ती दोघं कामाला लागली, की दोन दिवसांत मी औरंगाबादला पोचते. मायला त्यांच्यात सामावून घेतो म्हणाला मुकादम.

तुमचे उपकार कसे फेडू?
द्वारका

*

औरंगाबाद
शनिवार, ७ डिसेंबर १९९१

द्वारका,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. सकाळीच मी पुडकं कंडक्टरच्या हातात दिलं होतं. आता हे लिहिते आहे तोवर तुम्ही सगळे स्टँडवर येऊन परत गेला असाल.

मी लोखंडाचा कोयता पाठवला गं. नारळ सोलायचा. भिंतीला टांगलेला होता, तो वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवला.

आमच्याकडे कोयता म्हणजे कोयता. माणसांना कोयता म्हणतात, तेही दोघांना मिळून एक, हे मला आज कळलं. गेली वीस वर्षं मी भाषा शिकवते आहे, आणि तू मला एका वाक्यात बापाचा पाय मोडल्याचं सांगत होतीस तेव्हा मी म्हणींचा विनोद करत होते. तुझं पत्र हातात घेऊन मी किती वेळ नुसती बसून राहिले कोण जाणे. शेजारच्या बाई चहा घेऊन आल्या, त्यांना वाटलं घरचं कुणी गेलं.

पण एक सांगते, लाजेपेक्षा मोठं असं दुसरंच काहीतरी मनात भरून राहिलं आहे. तुम्ही कोपी घातलीत. दार केलंत. कोकणातलं कोण कुठलं जोडपं, त्याला भाकरी चालेल की भात लागेल, ही चिंता तुझ्या आईनं केली. जे आलंच नाही त्याचं एवढं स्वागत मी कुठं पाहिलं नाही. तुझ्या आईचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. कळव.

सोमवारी मी पुन्हा प्रमुखांकडे जाते आहे. या वेळी मी हसणार नाही आणि त्यांनाही हसू देणार नाही.

सरोजिनी लांजेकर

*

साखर कारखान्याचा तळ, माजलगाव
१२ डिसेंबर १९९१

आदरणीय बाई,

तुमचं शनिवारचं पत्र मिळालं. माझ्या मायचं नाव केसरबाई.

स्टँडवर काय झालं ते जसं झालं तसं सांगते. माय, मी, मुकादम, छबुबाई आणि तिचा मालक असे आम्ही गेलो होतो. छबुबाई आमच्या पलीकडच्या कोपीतली, टोळीतल्या सगळ्या बायकांत वडीलधारी. मायनं ओटीसाठी कुंकवाची डबी आणि फडक्यात भाकरी बांधून घेतली होती. गाडी आली. माणसं उतरायला लागली. प्रत्येक जोडप्याकडे आम्ही आशेनं बघत होतो, आणि ती जोडपी आमच्याकडे बघून बिचकत होती. गाडी रिकामी झाली. मग कंडक्टरनं खिडकीतून विचारलं, द्वारका सानप कोण, आणि एक पुडकं माझ्या हातात दिलं.

कागद फाटला तेव्हा मुकादम पोट धरून हसला. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. मी तिथंच स्टँडवर रडायला लागले. तुमचाही राग आला, बाई, खोटं कशाला बोलू. वाटलं, तुम्ही माझी थट्टा केलीत.

मायनं तो कोयता हातात घेतला. वजन करून पाहिला. मग डबी उघडून त्याला कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "रडतीस कावून? बाईनं कोयता धाडते म्हणली, कोयताच धाडला. खोटं न्हाई बोलली." आणि फडक्यातली भाकरी सोडून तिथंच सगळ्यांना वाटली. मुकादमाचं हसू बंद झालं.

परत येताना कारखान्याच्या कमानीखाली छबुबाई थांबली. वरची पाटी रोज बघते, म्हणाली, पण काय लिहिलंय ते कळत नाही, वाच. मी वाचलं, सहकारी साखर कारखाना. तिनं सहकारीचा अर्थ विचारला. मी सांगितलं, सगळ्यांनी मिळून एकमेकांचं काम करायचं. ती म्हणाली, "म्हंजी सावडच की. त्येला एवढी मोठी पाटी कावून?"

सावड तुम्हाला ठाऊक असेल, पण आता मी शब्दांच्या बाबतीत धोका पत्करत नाही. आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या शेतात. पैसा मध्ये येत नाही, पण फेड चुकत नाही.

छबुबाईनं त्याच संध्याकाळी टोळीतल्या बायकांना गोळा केलं. काय बोलली ते मला आत कोपीत ऐकू आलं नाही. सकाळी मी फडात गेले, तर मायच्या मागं कौशल्याबाई मोळ्या बांधत होती. तिचा स्वतःचा मालक पलीकडे एकटाच तोडत होता, बांधणारं कुणी नव्हतं. मी दोर हातात घ्यायला गेले तर मला म्हणाली, "तू लिव जा. दुपारपातूर माझी सावड हाय. उद्या छबुमावशीची, परवा रुक्मिणीची." त्यांचा अर्ज नव्हता, कारण विचारलं नव्हतं, दाखला मागितला नव्हता. आपापला कोयता अर्धा करून त्यांनी माझा पुरा केला.

आणि मी आता कुठं बसून लिहिते आहे सांगू? तुमच्या कोकणातल्या जोडप्यासाठी घातलेल्या त्या नव्या कोपीत. दार लावून घेते. दुपारनंतर मी बांधायला जाते आणि गाडी भरायला सगळ्यांबरोबर असते.

तुमचा राग तुमचं पत्र वाचून गेला. खरं तर तो त्या भाकरीबरोबरच निम्मा गेला होता.

द्वारका

*

औरंगाबाद
२३ डिसेंबर १९९१

चि. द्वारका,

वाईट बातमी आधी सांगते. मुदतवाढ नाकारली.

मी प्रमुखांना तुझी डिसेंबरातली दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कोयता म्हणजे दोन माणसं, हे कोणत्या कोशात आहे?" मी म्हटलं, कोशात नाही, माजलगावच्या फडात आहे. त्यावर ते म्हणाले की त्यांना समितीपुढे कोशच ठेवावा लागतो, फड ठेवता येत नाही. माणूस दुष्ट नाही गं. आपण सूट दिली तर उद्या प्रत्येकाचा काही ना काही कोयता मोडेल, अशी त्यांना धास्ती आहे.

निघताना त्यांनी मला हळूच एक वाट सांगितली, ती तुझ्या कानावर घालणं माझं काम आहे. तू आजारी असल्याचा डॉक्टरचा दाखला आणलास, कावीळ, विषमज्वर, काहीही, तर ते डोळे मिटून सही करतील. माजलगावात असा दाखला मिळणं अवघड नाही. सगळेच आणतात. मी तुला आण म्हणत नाही आणि आणू नकोस असंही म्हणत नाही. एक वर्ष आणि त्यामागून येणारं लग्न समोर असताना शहाणपणा शिकवायला मी धजत नाही.

तुझ्या टोळीतल्या बायकांचं वाचल्यापासून मी वर्गात नीट शिकवू शकलेले नाही. परवा शब्दशक्ती शिकवत होते आणि मध्येच थांबले. मुलांना म्हटलं, सावड म्हणजे काय ते सांगा. तिघाचौघांनी हात वर केले, आणि तास संपेपर्यंत तेच बोलत राहिले. मी बाकावर बसून ऐकलं.

दाखल्याचं काय ते लवकर कळव.

सरोजिनी लांजेकर

*

साखर कारखान्याचा तळ, माजलगाव
६ जानेवारी १९९२

आदरणीय बाई,

दाखला आणणार नाही. मी मनातून आणायच्या बेतात होते, खोटं सांगत नाही. मुकादमाच्या ओळखीचा डॉक्टरसुद्धा ठरला होता. पण मायला सांगितलं तर तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "अंगात न्हाई त्ये दुखणं कागदावर घिऊ ने. त्येला घर कळतंय." आप्पांचा पाय मोडल्यापासून ती अशा गोष्टींना फार भिते. तिला घाबरवून मिळवलेली मुदत घेऊन मी काय लिहिणार होते?

तेव्हा एकतीस जानेवारी म्हणजे एकतीस जानेवारी.

आणि बाई, लिहिणं आता मला आवरत नाही. सकाळी सावडीला जी बाई असेल ती दुपारी भाकर खायला कोपीच्या दारात येऊन बसते आणि आज काय लिहिलंस विचारते. मी पाणवठ्यांची नावं वाचते. मग ती म्हणते, आमच्या गावाचं राहिलं की. प्रत्येकीचं माहेर वेगळं आणि सासर वेगळं, म्हणजे एकेक बाई दोन गावांचं पाणी घेऊन आलेली. हाकेची विहीर, कारण ती इतकी खोल, की घागर टेकली का हे हाक मारून प्रतिध्वनीवरून ओळखायचं. मुकी बारव, कारण तिच्यावर सासवा-सुना बोलत नाहीत, भांडणं घरी करायची असा रिवाज. उसना आड, तो दुसऱ्या गावच्या शिवेत आहे आणि दर उन्हाळ्यात मागून घ्यावा लागतो. छबुबाईच्या माहेरी एक झरा आहे, त्याचं नाव येतो-जातो. यंदा गेलाय, म्हणाली, कुणी पाव्हणा गेल्यासारखं.

हे सगळे पाणवठे आज कोरडे आहेत. काही तर या बायका लग्न होऊन आल्या तेव्हापासून कोरडे आहेत. तरी एकीचंही नाव घेताना चुकत नाही. तेव्हा आवाज असा खाली येतो, की मीच लिहायची थांबते. आणि आमच्या शेजारून धो धो वाहणाऱ्या या चारीला नाव काय, म्हणून मी पाटकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, चारी नंबर सात. इथं पाण्याला नाव नाही आणि आमच्याकडे नावाला पाणी नाही. मी हे वाक्य प्रबंधात घातलं आहे, जास्त झालं असेल तर कापा.

एक अडचण आहे. शेवटच्या पानावर जे प्रतिज्ञापत्र छापलेलं असतं, 'हा लघुप्रबंध मी कोणाच्याही मदतीशिवाय पूर्ण केला आहे', त्याच्याखाली मला सही करता येईल असं वाटत नाही. दाखला खोटा नको आणि प्रतिज्ञा खोटी चालेल, हे मायला कसं समजावू? काय करायचं ते मी ठरवते आहे. तुम्ही रागवाल म्हणून आधी सांगत नाही.

द्वारका

*

औरंगाबाद
१ फेब्रुवारी १९९२

चि. द्वारका,

तुझा प्रबंध काल दुपारच्या गाडीनं आला. मी स्वतः स्टँडवर उतरवून घ्यायला गेले होते. गाडी यायला उशीर झाला, तशी मी त्या फलाटावर येणाऱ्याजाणाऱ्या जोडप्यांकडे बघत उभी होते.

कार्यालय पाचला बंद होतं. लेखनिकानं पानं मोजली, शिक्का उचलला, आणि शेवटच्या पानावर येऊन शिक्का खाली ठेवला. तू छापील ओळीवर रेघ मारली होतीस आणि खाली आपल्या अक्षरात लिहिलं होतंस : 'हा लघुप्रबंध मी लिहिला. तो लिहायला लागणारा वेळ खालील बायकांनी दिला आणि त्यातली निम्मी नावं त्यांची आहेत.' आणि त्याखाली त्यांचे अंगठे. शाई कमी पडली असावी, दोनतीन अंगठे गुळासारख्या कशानं तरी उमटवलेले दिसतात.

लेखनिक म्हणाला, हे घेता येत नाही. मदत घेतली म्हणजे प्रबंध बाद. मी तुझा प्रबंध घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेले. त्यांनी ते पान पाहिलं. मग पहिलं पान उघडलं. मी खुर्चीत बसून होते आणि घड्याळाकडे बघायची मला हिंमत नव्हती. त्यांनी मधलं प्रकरण वाचलं, हाकेच्या विहिरीचं. पान उलटलं, परत मागं आले, तेच पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला आणि मला विचारलं, "यांतल्या किती जणींना वाचता येतं?" मी म्हटलं, एकीलाही नाही.

त्यांनी अंगठ्यांचं पान पुन्हा उघडलं. मग म्हणाले, "मदत म्हणजे काय, याची व्याख्या नियमात दिलेली नाही. कोश बघायला हवा." आणि कोश न बघताच सही केली. लेखनिकाला बोलावून शिक्का मारून घेतला. मी दारापर्यंत आले तर पाठीमागून म्हणाले, "ते पान परीक्षकांकडे जाताना गळू देऊ नका."

द्वारका, मी खूप प्रबंध वाचले आहेत. तुझा वाचून मी रात्री तहान लागली म्हणून उठले आणि माठासमोर नुसती उभी राहिले. याहून जास्त मला आज काही सांगता येत नाही.

तोंडी परीक्षा चौदा मार्चला, शनिवारी. बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्या दिवशी मात्र तुला यावंच लागेल, ती तारीख कुणाच्याच हातात नाही.

सरोजिनी लांजेकर

*

साखर कारखान्याचा तळ, माजलगाव
२ मार्च १९९२

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मी तळावर वाचलं तेव्हा प्रमुखांच्या सहीपाशी सगळ्या बायका पुढं सरकून बसल्या. मग रुक्मिणीनं आपला अंगठा बघितला, जणू काही तो तिचा नव्हताच. माय उठून गेली आणि चारीच्या काठाला जाऊन बसली. मी तिच्यामागे गेले. ती रडत होती आणि हसत होती. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

फेब्रुवारी लागल्यापासून मी सावड फेडते आहे. सकाळी एकीची, दुपारनंतर मायची. पण बायका बऱ्याच आहेत आणि दिवस थोडे. दुष्काळानं यंदा ऊस कमी, कारखान्याचा पट्टा मार्चच्या मध्यालाच पडेल, म्हणजे हंगाम संपेल, असं मुकादम सांगतो. चौदाला मी औरंगाबादला आले तर टोळी त्याच सुमारास गावाकडे निघालेली असेल, आणि निम्म्या जणींची सावड माझ्या अंगावर राहील. न फेडता गेलेल्या माणसाला आमच्याकडे चांगलं म्हणत नाहीत.

म्हणून काल मी छबुबाईकडे गेले. तुम्हाला लिहिताना केला होता तसाच अर्ज मनात जुळवून गेले. कारण एक, वाक्य एक. म्हटलं, मावशी, माझी परीक्षा आहे, सावड फेडायला मला पुढच्या हंगामापर्यंत मुदत द्या.

ती वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. हात न थांबवता म्हणाली की नाही देणार. मला वाटलं ती रागावली. मी म्हटलं, मग परीक्षेला जात नाही, इथंच थांबते आणि होईल तेवढी फेडते. तेव्हा तिनं पेंढी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. पलीकडे कौशल्याबाई होती, रुक्मिणी होती, त्याही काम टाकून आल्या. त्यांचं आपसात आधीच ठरलेलं असावं.

छबुबाई म्हणाली, "परीक्षेला तर जायाचंच हाय. पर फेडायची न्हाई. आमची सावड हाय तशी ऱ्हाऊ दे अंगावर. फेडलीस की मोकळी हुशील, अन् मोकळं झालेलं शिकलेलं माणूस हिकडं माघारी येत न्हाई."

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं माझ्या हातात पेंढीचं दुसरं टोक दिलं, धर म्हणाली, आणि गाठ मारली.

चौदाला सकाळच्या गाडीनं येते. परीक्षा झाली की परत निघेन.

तुमची,
द्वारका